एक सिंक, चार घरच्या सवयी: चुळीपासून चिकनपर्यंतचे नियम कसे ठरवायचे

सिंकवरचा वाद बहुतेक वेळा "तुमच्याकडे चालत असेल, आमच्याकडे नाही" या वाक्यापाशी येतो आणि तिथून पुढे तो सिंकचा राहतच नाही. जेवून उठलेले सासरे ओट्यापाशी हात धुतात, तिथेच खळखळून चूळ भरतात. सून काही बोलत नाही, पण शेजारची भांडी दोनदा विसळते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकजण तोंडात ब्रश धरून स्वयंपाकघरात येतो आणि दुसऱ्याची चहाची इच्छाच मरते. कुणाकडे सिंकमध्ये सुरमई धुतात, कुणाकडे लादी पुसायचं फडकं, तर कुणाकडे रात्रीचं खरकटं सकाळपर्यंत तसंच.

या सगळ्याला आपण "घाण" हा एकच शब्द लावतो आणि गुंता होतो. यातल्या काही गोष्टींनी खरोखर पोट बिघडतं, काहींनी नुसती शिसारी येते, काही फक्त गैरसोयीच्या असतात. माझ्या पाहण्यात तरी घरं चुळीवरून भांडतात आणि लादीच्या फडक्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. धोका मात्र फडक्यात जास्त आहे. तेव्हा खाली दिलेला क्रम पाळायचा तो वर्गवारीपासून. आधी वर्गवारी, मग बोलणं, मग जागेची मांडणी, आणि साफसफाई त्यानंतर.

सवय येते कुठून

ओट्याला जोडलेलं स्टीलचं सिंक मराठी घरात तसं अलीकडचं. त्याआधी होती मोरी. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी असायची आणि तिच्यात आंघोळ, भांडी, कपडे, हात-पाय धुणं, दात घासणं, सगळंच चालायचं. संडास बाहेर, गॅलरीच्या टोकाला. पाणी सकाळी येणार, पिंपात भरून ठेवायचं, तांब्याने घ्यायचं. अशा घरात वाढलेल्या माणसाला "चूळ मोरीत भरू नका" हे वाक्य कळणारच नाही, कारण चूळ भरायला दुसरी जागाच नव्हती. गावाकडच्या वाड्यात याच्या उलट असायचं: हात-तोंड धुणं अंगणात किंवा मागच्या दारी, भांडी घासायची जागा वेगळी, न्हाणी वेगळी. तिथे वाढलेल्या माणसाला स्वयंपाकघरात थुंकणं असह्य होतं.

आता ही दोन्ही माणसं एकाच दोन बीएचकेमध्ये, एकाच नळापाशी उभी असतात. दोघंही आपापल्या घरचा नियम नीट पाळत असतात. हे एकदा मनाशी पक्कं केलं की पुढचं बोलणं अर्धं सोपं होतं.

पायरी १: आठवडाभर नुसतं बघा

कुणाला टोकू नका. सिंकमध्ये काय काय होतं ते फक्त टिपून ठेवा, स्वतःचंसुद्धा. भांडी, भाजी, तांदूळ-डाळ हे तर आहेच. त्याशिवाय जेवणानंतरचे हात, चूळ, दात, दाढीचं रेझर, आजोबांची कवळी, मासे-चिकन, लादीची बादली, बाळाच्या दुधाच्या बाटल्या, बाळाचे खराब झालेले कपडे, देवाची भांडी, कुत्र्याची वाटी, कुंडीची माती, मुलांचे रंगाचे ब्रश, केसांना लावलेल्या मेंदीची वाटी, शाळेतून आलेला आंबलेला डबा. यादी लांब होते. जी व्यक्ती सगळ्यात जास्त तक्रार करते तिच्याही दोन-तीन गोष्टी यादीत निघतात, आणि त्या निघाल्या की सगळ्यांचाच आवाज जरा खाली येतो.

सिंक रिकामं केव्हा असतं, नळाला पाणी केव्हा असतं आणि बाथरूमपुढे रांग केव्हा लागते याच्या वेळाही लिहा. निम्मे प्रश्न माणसाचे नसून वेळेचे निघतात.

पायरी २: तीन ढीग करा

पहिला ढीग आजाराचा. यात घासाघीस करायची नाही.

कच्चं चिकन, मटण, मासे, अंड्याची कवचं यात येतात. त्यातही चिकन पहिलं. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात आणि नळाच्या धारेखाली धुताना पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ते आजूबाजूला उडतात. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने २०१४ साली लोकांना सरळच सांगितलं होतं, की कच्चं चिकन धुऊ नका. अमेरिकेच्या कृषी खात्याने नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाबरोबर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जिवाणू सापडले आणि २६ टक्के लोकांच्या सॅलडच्या पानांपर्यंत ते पोचले. पण त्याच अभ्यासात चिकन न धुणाऱ्या ३१ टक्के लोकांच्या सॅलडमध्येही ते पोचलेच, कारण हात आणि भांडी नीट धुतली नव्हती. म्हणजे एकटी धार गुन्हेगार नाही. चिकन हाताळून झाल्यावरचे हात, सुरी, पाट आणि नळाची मूठ यांच्याकडे बघायला हवं.

आता खरी अडचण सांगतो. "धुऊ नका" हा सल्ला बंद पाकिटातल्या चिकनपुरता ठीक आहे. आपण दुकानात समोर कापून घेतो, त्यात हाडाचा चुरा, रक्त, राहिलेली पिसं असतात. कुठल्याही मराठी घरात ते न धुता हळद-मीठ लावा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, आणि न ऐकणाऱ्याला मी दोष देणार नाही. तेव्हा धुवायचंच असेल तर असं धुवा:

सिंकमधली आणि शेजारच्या जाळीतली भांडी आधी बाजूला करा. कोशिंबिरीची काकडी, कोथिंबीर आधीच धुऊन, चिरून, झाकून ठेवा. खोल पातेल्यात आधी पाणी घ्या आणि मग चिकन त्यात सोडा. चिकनवर नळ सोडायचा नाही. हाताने हलकेच ढवळा, पाणी सिंकच्या तळातल्या जाळीच्या अगदी जवळ धरून सावकाश ओता. एकदा-दोनदा पुरे. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुण्याची गरज नसते, जिवाणू मरतात ते शिजवल्यावर. मग पातेलं, सुरी, पाट, सिंक, नळ आणि हात साबणाने धुवा. हात शेवटी, वीसेक सेकंद.

माशांचं गणित थोडं वेगळं. खवले काढणं आणि पोट साफ करणं हे काम फ्लॅटच्या सिंकचं नव्हेच. कोकणात, गोव्यात अनेक घरी अजूनही मासे मागच्या दारी साफ होतात, तिथेच मांजरं जमतात आणि पाणी माडाच्या आळ्यात जातं. तिसऱ्या मजल्यावर ती सोय नाही, तेव्हा बाजारातच कोळणीकडून साफ करून, तुकडे करून घ्या. घरी फक्त टबात धुणं राहील.

याच ढिगात लादीचं फडकं आणि मॉपची बादली. शौचालयाच्या बाहेरची, चपलांची, बाळ रांगतं तिथली, सगळी धूळ-घाण त्या फडक्यात असते आणि ते ज्या जागी पिळलं त्याच जागी तासाभराने पालक धुतला जातो. बाळाचे शी लागलेले कपडे, उलटीचं भांडं, कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेचं काहीही इथे आणू नये. संडासहून आल्यावर स्वयंपाकघरात येऊन हात धुणारे बरेच असतात, विशेषतः जिथे बाथरूममध्ये साबणच नसतो. हिपॅटायटिस ए आणि टायफॉइड यांचा प्रवास नेमका या वाटेने होतो. त्यावर उपाय म्हणजे बाथरूममध्ये साबण ठेवणे. रसायनंही याच यादीत: केसांचा रंग, कुंड्यांवर फवारायचं औषध, झुरळांचं औषध.

दुसरा ढीग किळसेचा. चूळ, दात घासणं, नाक शिंकरणं, दाढी, उष्टे हात, कवळी.

इथे जरा थांबावं लागतं, कारण सगळ्यात जास्त कटुता याच ढिगात आहे. निरोगी माणसाने रिकाम्या सिंकमध्ये चूळ भरली, पाणी सोडलं, सिंक पुढे रोज साबणाने घासलं जातंय, तर त्यातून घरच्यांना आजार होण्याची शक्यता कमीच. कच्च्या चिकनच्या पाण्याशी तिची तुलना होत नाही. भांड्यांच्या ढिगावर चूळ टाकणं ही वेगळी गोष्ट आणि ते सरळ थांबवायला हवं. घरात कुणाला सर्दी-खोकला, तोंडात फोड किंवा जुलाब-उलट्या असतील तेव्हाही थुंकणं बेसिनमध्येच. उलट बाजूने एक जुनी भीती मात्र काढून टाका. फुप्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नव्हे. त्या रुग्णाची भांडी वेगळी मांडून त्याला वेगळं पाडण्यात काही हाशील नाही.

मग किळसेला काहीच किंमत नाही का? आहे. जिला तिथे उभं राहून दिवसातून तीनदा स्वयंपाक करायचा आहे तिला शिसारी येते, हे कारण पुरेसं आहे. त्यासाठी जंतूंची साक्ष काढायची गरज नाही. उलट "जंतू असतात" म्हटलं की समोरचा "आम्ही साठ वर्षं असंच केलं, काय झालं?" म्हणतो, आणि त्या मुद्द्यावर तो बऱ्याच अंशी बरोबर असतो. "मला ते बघवत नाही" हे वाक्य जास्त खरं आहे आणि त्याला उलट उत्तरही नाही.

श्रद्धेच्या गोष्टी इथेच येतात. देवाची उपकरणी खरकट्या भांड्यांबरोबर नकोत, शाकाहारी माणसाला मासे धुतलेल्या सिंकमध्ये आपलं ताट नको, चातुर्मासात कांदा-लसणाचं भांडं वेगळं हवं. हे पाळायचं असेल तर वेगळा टब ठेवून सहज पाळता येतं, वाद कशाला घालायचा?

मात्र दोन गोष्टींना मी या ढिगातसुद्धा जागा देत नाही. पाळीच्या दिवसांत बाईने सिंकला किंवा ओट्याला हात लावू नये हा नियम, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवून तो त्यांनीच वेगळा धुवावा हा नियम. ज्या हातांनी घरातली सगळी ताटं घासून घेतो त्या हातातला कप अस्वच्छ कसा, याला स्वच्छतेच्या शास्त्रात उत्तर नाही. ते जातीचं आणि विटाळाचं प्रकरण आहे, त्याला "हायजीन" म्हणू नका.

तिसरा ढीग सोयीचा. जाळीत अडकलेली चहापत्ती, ओट्यावरचं पाणी, रात्रीची भांडी, नळावरचे क्षारांचे डाग. हा ढीग कामाच्या वाटणीचा आहे, फार खल करू नका. तुंबलेलं खरकटं मात्र झुरळांना बोलावतं, तेवढं लक्षात असू द्या.

पायरी ३: बोलायचं कसं

भांडी घासता घासता नाही, जेवताना नाही आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. रविवारी दुपारी चहाच्या वेळी बोला, आणि आधी पर्याय तयार ठेवून मगच बोला. पर्याय नसताना केलेली सूचना म्हणजे हुकूम, आणि वडीलधाऱ्यांना सुनेचा किंवा मुलाचा हुकूम चालत नाही.

सासऱ्यांचंच उदाहरण घेऊ. ते बेसिनपाशी का जात नाहीत ते आधी बघा. बहुतेक फ्लॅटमध्ये बेसिन पॅसेजच्या टोकाला असतं, तिथे अंधार असतो, फरशी ओली असते, गुडघे दुखत असतात आणि टॉवेल मुलांनी पळवलेला असतो. सिंक मात्र जेवणाच्या टेबलापासून चार पावलांवर. तेव्हा आधी बेसिनवर दिवा लावा, खाली न घसरणारं पायपुसणं टाका, कवळीसाठी झाकणाचा डबा आणि त्यांचा स्वतःचा नॅपकिन ठेवा. मग म्हणा, "बाबा, बेसिनपाशी दिवा लावलाय, तुमचा नॅपकिनही तिथेच टांगलाय. जेवण झालं की चूळ तिकडेच भरा ना. मला इथे लगेच भांडी लावायची असतात." यात घाण हा शब्द नाही, जंतू नाहीत, "आमच्याकडे" तर नाहीच. शक्यतो हे मुलाने आपल्या वडिलांशी बोलावं. सुनेला पुढे करून स्वतः पेपरात डोकं घालणारे मुलगे या विषयात फार आहेत.

सासूबाईंना सांगायचं असेल तर कामाचा मान ठेवून: "आई, मासे तुम्हीच धुवा, तुमच्यासारखे मला जमत नाहीत. फक्त हा निळा टब घ्याल का? नंतर सिंक मी घासते." आणि सासूबाईंना सुनेला सांगायचं असेल तर: "अगं, रात्रीची भांडी राहिली तरी राहू देत, पण खरकटं तेवढं काढून ठेवत जा, झुरळं होतात." कारण एकच द्या, खरं द्या. तीन कारणं दिली की समोरचा त्यातलं सगळ्यात कच्चं उचलतो.

फ्लॅटमधल्या मित्राला फार साखर घालायची गरज नाही. "अरे, ब्रश बाथरूममध्ये कर ना, इथे माझा डबा उघडा असतो." संपलं. वाट बघत बसलात तर तीन महिन्यांनी वेगळ्याच कारणावरून भडका उडतो.

पायरी ४: जागा अशी मांडा की नियम सांगावा लागणार नाही

दोन प्लॅस्टिकचे टब घ्या, वेगळ्या रंगांचे. एक भाजी-फळांसाठी, एक मांस-मासळीसाठी. दुसरा वापरून झाला की साबणाने धुऊन उन्हात किंवा बाल्कनीत उपडा घाला, भाजीच्या टबात अडकवू नका. शाकाहारी-मांसाहारी मिश्र घरात एवढ्यानेच अर्धी कुरकुर थांबते, कारण मासे सिंकला लागतच नाहीत.

घासण्या किमान दोन: भांड्यांची वेगळी, सिंक-ओट्याची वेगळी. रंग वेगळा ठेवा म्हणजे चूक होणार नाही. जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली वापरातले १४ स्पंज तपासले, तेव्हा एका घन सेंटिमीटरमध्ये अब्जावधी जिवाणू सापडले. ते सगळेच रोग पसरवणारे नव्हते, पण ओलसर स्पंजात काय फोफावू शकतं याचा अंदाज येतो. मुद्दा सुकण्याचा आहे. नॉर्वेतल्या नोफिमा या संस्थेच्या अभ्यासात भांडी घासायच्या ब्रशमध्ये जिवाणू कमी टिकले, कारण ब्रश लवकर सुकतो. आपली नारळाची शेंडीही झटकली की वाळते, वर फुकट. स्पंज वापरायचाच तर पिळून उभा ठेवा. साबणाच्या पाण्यात तरंगत ठेवू नका, आणि वास यायला लागायच्या आत टाका.

सिंकपाशी हात धुवायचा साबण आणि हात पुसायचं फडकं ठेवा. ते फडकं भांडी पुसायला वापरायचं नाही. ओल्या कचऱ्याचा छोटा डबा हाताशी हवा. तो लांब असला की खरकटं जाळीतच जातं. लादीच्या फडक्याचा खिळा बाथरूममध्ये मारा. मुलांसाठी बेसिनपाशी पाट किंवा स्टूल ठेवा. हात पोचत नाही म्हणून मूल आईकडे ओट्यावर येतं, मग तीच सवय कायम राहते.

आणि पाइप बघा. सिंकखालच्या वाकड्या पाइपात किंवा बाटलीसारख्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साचलेलं असतं, ते गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. पुष्कळ फ्लॅटमध्ये मात्र लवचीक पाइप सरळ जमिनीतल्या भोकात खुपसलेला असतो, भोवती फट उघडी. मग वास येतो आणि आळ कुणाच्या तरी माशांवर जातो. प्लंबरकडून ट्रॅप बसवून घ्या, फट बुजवा. गावाला जाऊन पंधरा दिवसांनी परतलात आणि वास आला, तर ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं. नळ सोडा, वास थांबेल.

पायरी ५: दिवसाचा क्रम आणि रात्रीचं काम

क्रम एवढाच: कच्चं खायचं ते आधी, मांस-मासळी शेवटी, आणि मध्ये सिंक रिकामं.

रात्री झोपताना जाळीतलं खरकटं डब्यात टाका. साबण लावून सिंक घासा: तळ, कडा, जाळीखालचा रबरी भाग आणि नळाची मूठ. मूठ सगळे विसरतात, पण तिलाच सगळ्यात जास्त हात लागतात. पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने पुसा. कोरडं सिंक म्हणजे झुरळांना पाणी नाही आणि डागही कमी. उकळतं पाणी भसकन ओतू नका, प्लॅस्टिकचे पाइप मऊ पडतात आणि सांधे सुटतात. कोमट-गरम पुरे.

मांस-मासळीच्या दिवशी किंवा घरात पोटाचा आजार असेल तेव्हा जंतुनाशकाचा हात फिरवा. पण आधी साबण, कारण तेलकट थरावर जंतुनाशक काम करत नाही. ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं साधं ब्लीच १ लिटर थंड पाण्यात ५ मिली, म्हणजे एक चहाचा चमचा. सिंकभर फिरवा, दोन-तीन मिनिटं राहू द्या, भरपूर पाण्याने धुवा. जास्त वेळ ठेवलं तर स्टीलला खड्डे पडतात. द्रावण रोज ताजं करा, खिडकी उघडी ठेवा. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबू, अमोनियाचं काही यांच्याबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून होणारा फेस बघायला छान असतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. त्याने सिंक निर्जंतुक होत नाही. सोडा एकटा घासायला उत्तम.

उलट्या-जुलाब झालेल्या माणसाने लक्षणं थांबल्यावरही ४८ तास इतरांसाठी स्वयंपाक करू नये, शक्य असेल तर सिंकपासूनही लांब राहावं. नोरोव्हायरससारख्या विषाणूवर सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात.

पाणी कमी असेल तेव्हा

वरचं सगळं नळाला पाणी आहे असं धरून लिहिलंय. एप्रिल-मेमध्ये टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत किंवा मराठवाड्यातल्या आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावांत "चिकननंतर सिंक घासा, मग पुन्हा धुवा" म्हणणं चेष्टा ठरेल. तिथे पाणी न लागणारी कामं आधी करा. ताटं जुन्या कागदाने पुसून घ्या, तेलकट कढई आधी राखेने किंवा कणकेच्या कोंड्याने. भांडी सिंकमध्ये भिजत न घालता बाजूला कोरडी रचा. भाजीचं पाणी बादलीत धरून कुंड्यांना किंवा संडासला वापरा, मांसाचं मात्र सरळ संडासात. हात धुवायला तांब्याने दुसऱ्याने पाणी घालावं. पाण्यावर काटकसर करायची झाली तरी चिकननंतरच्या हातांवर करू नका.

मावशींशी ठरवताना

भांडी आणि लादी एकाच मावशी करत असतील तर आधी लादी की आधी भांडी, हे तुम्ही ठरवा. भांडी आधी. लादीची बादली स्वयंपाकघरात ओतली जाते ही तक्रार मी अनेक घरांत ऐकली, आणि विचारलं की कळतं, त्या वेळी बाथरूममध्ये कुणीतरी आंघोळीला असतं किंवा त्यांना तिथे जायची मुभाच नसते. मग त्यांनी बादली ओतायची कुठे? जागा दाखवा, ती वेळ मोकळी ठेवा, आणि संडास वापरायची परवानगी आहे हे तोंडाने सांगा. ताटातलं खरकटं आपण काढून ठेवावं, सुऱ्या वेगळ्या ठेवाव्यात, मटणाचं तेलकट पातेलं कोमट पाणी घालून ठेवावं. हिवाळ्यात गार पाण्यात तासभर हात असतात, गिझरची एक जोडणी सिंकला द्यायला फार खर्च येत नाही.

परदेशातल्या मित्रांच्या घरात

शिकायला ब्रिटनला किंवा जर्मनीला गेलेल्या मुलांची सिंकची गोष्ट उलटी असते. तिथे अनेक जण सिंकमध्ये किंवा टबात साबणाचं पाणी भरून त्यातच सगळी भांडी बुडवतात आणि फेस न विसळता जाळीत लावतात. आपल्याला ते बघवत नाही. त्यांना आपलं खाकरून चूळ भरणं बघवत नाही, आणि आवाज तर त्याहून नाही. तोडगा साधा आहे: आपलं ताट आपण विसळून घ्या, चूळ बाथरूममध्ये, दार लावून. फोडणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, थंडीत ते पाइपात गोठतं आणि घरमालकाचं पत्र येतं. कागदाने टिपून कचऱ्यात टाका. पांढऱ्या ओट्यावर किंवा फडक्यावर हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका. साबणाने पुसून ऊन पडेल असं ठेवा, उन्हाने हळद उडते.

न जमल्यास

महिनाभराने पुन्हा बोला, नियम तीनच ठेवा आणि तिन्ही पहिल्या ढिगातले. दुसऱ्या ढिगातला एखादा सुटला तर सुटू द्या. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आजी-आजोबांना नियम लावू नयेत. ते तिथून बाजूला झाले की सिंक पुसून घेणं कमी कष्टाचं असतं. पाहुण्यांनाही शिकवायला जाऊ नका. गणपतीत किंवा लग्नघरी पन्नास माणसं जेवणार असतील, तर बाल्कनीत किंवा दाराबाहेर हात धुवायला नळ लावलेलं पिंप, खाली टब, साबण आणि दोन नॅपकिन ठेवा, आणि सिंकसमोर एक स्टूल आडवं लावून त्यावर ताटांचा ढीग ठेवून द्या. कुणी तिकडे फिरकणार नाही.